आल्बर्ट लोर्टझिंग: नट, गायक, संगीतकार आणि कापेलमायस्टर (थिएटरचा वाद्यवृंद-संचालक). 75 मिनिटांचा कार्यक्रम कसा बांधावा?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी नाट्यगटाने परदेशातल्या संगीत नाटकांवर चार कार्यक्रम धरलेत. दुसरा आहे जर्मन संगीतकार आणि संचालक आल्बर्ट लोर्टझिंग याच्यावर. एकूण 75 मिनिटं. काही वेळ त्याच्या कारकिर्दीची माहिती आणि उरलेल्या वेळात त्याच्या 'त्सार उंड त्सिमरमान' (झार आणि सुतार) मधला एक प्रवेश अहिराणीत. तिसऱ्या अंकात नगराध्यक्ष गावकऱ्यांकडून स्वागतगीताची तालीम करून घेतो, तो.

हाताशी आहे ते असं: कोरसला 12 जण (7 बाया, 5 पुरुष), एक पायपेटी, तबला-डफ, एक व्हायोलिन आणि लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला. जागा उघडी, खुला रंगमंच.

विचारायचं असं की कारकीर्द कुठल्या क्रमाने सांगावी म्हणजे नुसती सनावळ होणार नाही? चौघा वादकांत हा प्रवेश उभा राहतो का, आणि पट्टी कुठली धरावी? आणि हक्क, परवानगी वगैरेचं काय?

---

पायपेटी (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, आधी एक दुरुस्ती. 'संगीतकार आणि संचालक' अशी पाटी लावली तर प्रेक्षकांना वाटेल की माणूस जन्मभर वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभा होता. तसं नाही. लोर्टझिंगचा मुख्य धंदा नटाचा. हलकीफुलकी टेनर (पुरुषाचा वरच्या पट्टीतला आवाज) कामं गायची, गद्य नाटकात भूमिका करायच्या आणि मधल्या वेळात लिहायचं. ऑर्केस्ट्रापुढे रीतसर नोकरी म्हणून तो उभा राहिला तो शेवटच्या सातेक वर्षांत, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. त्याची चांगली चाललेली बरीच नाटकं त्याआधीची आहेत. कार्यक्रमाचा कणा मी यावरच ठेवेन.

जन्म बर्लिन, 23 ऑक्टोबर 1801. आईवडिलांचं चामड्याचं दुकान, पण दोघांना नाटकाचं वेड. 'उरानिया' नावाच्या हौशी मंडळात कामं करायचे. 1812 च्या सुमाराला दुकान मोडलं आणि घरदार घेऊन व्यावसायिक कंपनीत शिरले. पोरगा अकरा वर्षांचा. संगीताचं शिक्षण म्हणाल तर बर्लिनमध्ये रुंगेनहागेन यांच्याकडे थोडं, बाकी पुस्तकावरून आणि विंगेत उभं राहून. पुढे ऱ्हाइनकाठच्या फिरत्या कंपनीत. 1824 मध्ये त्याच कंपनीतल्या नटीशी, रेगीना आलेस हिच्याशी लग्न. अकरा मुलं झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली. 

1826 ते 1833 डेटमोल्डच्या दरबारी थिएटरात. नाव दरबारी, पण मंडळी म्युन्स्टर, ओस्नाब्रुक, पिर्मोंट अशी फिरतीवरच. 1829 मध्ये तिथे नाटककार ग्राबेचं 'डॉन जुआन आणि फाउस्ट' झालं, त्याचं संगीत लोर्टझिंगचं आणि डॉन जुआनही तोच. एकाच संध्याकाळी दोन्ही. निवेदनात इथे थोडं थांबा, कारण हा माणूस नेमका कोण होता ते या एका प्रयोगात दिसतं.

1833 ला लाइपझिग. 20 फेब्रुवारी 1837 ला 'दोन नेमबाज' आणि त्याच वर्षी 22 डिसेंबरला 'त्सार उंड त्सिमरमान'. संहिताही त्याचीच, एका जुन्या फ्रेंच नाटकाच्या जर्मन अवतारावरून बेतलेली. त्याच गोष्टीवर इटालियन संगीतकार दोनिझेत्तीने 1827 मध्ये एक ऑपेरा केला होता. लाइपझिगच्या पहिल्या प्रयोगात प्योतर इवानोव, म्हणजे पळून आलेला रशियन सैनिक, स्वतः लोर्टझिंगने गायला आणि विधवा ब्राउव म्हणून त्याची आई उभी होती. नाटकाने खरी उचल खाल्ली ती 1839 मध्ये, बर्लिनला.

मग रांग लागते: 'हान्स साक्स' 1840 (त्याच साक्सवरचा वाग्नरचा ऑपेरा 1868 चा, म्हणजे अठ्ठावीस वर्षं नंतरचा), 'कासानोव्हा' 1841 आणि 31 डिसेंबर 1842 ला 'डेर विल्डशुट्झ', म्हणजे चोरून शिकार करणारा. माझ्या मते त्याचं सर्वात रेखीव काम हेच. शाळामास्तर बाकुलुस पाच हजार थालरच्या (तेव्हाचं जर्मन नाणं) आशेने वेडा होतो ते गाणं ऐकाच.

संचालकपदाच्या मुख्य वाऱ्या तीन. पहिली 1844, लाइपझिगच्या थिएटरात मालक बदलला तेव्हा. 1845 च्या वसंतात काढून टाकलं, संधिवाताचं कारण पुढे करून. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, उपयोग शून्य. याच एप्रिलमध्ये त्याची 'उंडीने' ही संगीतिका माग्डेबुर्गला आली. दुसरी वारी 1846 ते 48, व्हिएन्नाचं थिएटर आन डेर वीन. तिथे 30 मे 1846 ला 'डेर वाफनश्मीड' (शस्त्रं घडवणारा लोहार). मग 1848 ची क्रांती, थिएटर डबघाईला, नोकरी गेली. लाइपझिग थिएटरच्या कचेरीत काम केलेला त्याचा मित्र रोबर्ट ब्लुम याला 9 नोव्हेंबर 1848 ला व्हिएन्नात गोळ्या घातल्या. त्याच वर्षी लोर्टझिंगने 'रेगीना' ही संगीतिका लिहिली होती, कारखान्यातल्या संपकरी मजुरांवर. हयातीत एकाही थिएटरने ती घेतली नाही. 1899 मध्ये रंगमंचावर आली तेव्हा मोडतोड करून.

तिसरी वारी बर्लिन, 1850. फ्रीडरिश-विल्हेल्मश्टाड्ट थिएटरात कापेलमायस्टर. ऑपेरा नाही, फार्सांच्या मधली गाणी आणि प्रवेश बदलतानाचं संगीत. 20 जानेवारी 1851 ला त्याची एकांकी 'ऑपेराची तालीम' फ्रांकफुर्टला पहिल्यांदा झाली. दुसऱ्या दिवशी 21 तारखेला पहाटे बर्लिनमध्ये तो झटका येऊन गेला. वय 49. घरात देणी.

---

तिसरी घंटा (अमळनेर)

कारकीर्द पायपेटी आप्पांनी मांडलीच आहे. मी प्रवेशाकडे वळतो.

आधी प्रकार समजून घ्या. हा 'श्पीलओपर', म्हणजे गद्य संवाद आणि मधे गाणी. आपल्याकडे 1880 च्या शाकुंतलाने जी घडण दिली तिच्या जवळची. सगळं गायचं नाही, संवाद बोलायचेच. म्हणून हौशी गटाला झेपतो. कोणी सांगितलं की ऑपेरा आहे, बोलणं काढून टाका, तर ऐकू नका. बोलणं काढलं की विनोद मेला.

गोष्ट दोन वाक्यांत. 1698, हॉलंडमधलं सार्दाम. रशियाचा झार पीटर सुतार बनून जहाजाच्या कारखान्यात काम करतोय, तिथेच दुसरा एक पीटरही आहे (तोच प्योतर इवानोव), आणि नगराध्यक्ष वान बेट चुकीच्याला झार समजून स्वागताची तयारी करतो. त्या स्वागतगीताची तालीम म्हणजे तुमचा प्रवेश.

हसू कुठून येतं ते बारकाईनं बघा. गीताचा पहिला चरण साधारण असा: धन्य तो दिवस, ज्या दिवशी आपण आमच्याकडे अवतरलात, डिडेलडुम, डिडेलडुम, डिडेलडुम. लगेच पुढचा: त्याला आता फार दिवस झाले, म्हणून तर आनंद जास्तच. म्हणजे पाहुणा यायच्या आधीच त्याला येऊन फार दिवस झालेत. गोंधळ शब्दांत आहे आणि तो गंभीर चेहऱ्याने गायला जातो. चेहऱ्यावर हसू आणलंत की संपलं. अहिराणीत मी असं करून बघेन:

*धन्य शे तो दिन, ज्या दिनले तुम्ही आम्हनाकडे उनात.*
*गंज दिन व्हयनात त्या गोष्टले, म्हनीसन आनंद बी गंज.*

डिडेलडुमचं भाषांतर करू नका. तिथे वहीगायनातला डफ वाजू द्या, तीन फेऱ्या. आपल्या प्रेक्षकाला तेवढ्यावर कळतं की शब्द संपले, आता नुसतं भरताड चाललंय.

आता तालमीची पद्धत. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कोरसने चुकायचंय म्हणून लोक पहिल्या दिवसापासून चुकीचंच बसवतात. मग चूक दर वेळी वेगळ्या जागी पडते, तबलजी गोंधळतो आणि प्रेक्षकाला वाटतं मंडळी खरंच कच्ची आहेत. उलटं करा. पहिल्या चार तालमी बिनचूक. नंतर चुका पेरायच्या, मोजून तीन, आणि प्रत्येक चूक ठरलेल्या मात्रेवर. केरवा धरला असेल तर पहिली चूक: दोन पुरुष समेऐवजी आधीच्या सातव्या मात्रेला उठतात. दुसरी: बाया शेवटचं 'उनात' एक पूर्ण आवर्तन लांबवतात, बाकीचे पुढे गेलेले असतात. तिसरी: सगळे थांबतात आणि एकटा मागचा माणूस गात राहतो. तिन्ही वेळा तबला चालूच. ठेका थांबला तर चूक चुकीसारखी दिसत नाही, नुसती अडचण दिसते.

वान बेट आधी स्वतः गाऊन दाखवतो, मग कोरस म्हणतो. हे गाऊन दाखवणं हळू ठेवा आणि वान बेटला हातात एक सुरळी द्या. तीच त्याची छडी. बेसचं (पुरुषाचा सर्वात खालचा आवाज) काम आहे, पण विनोदी बेस. तुमच्याकडे खर्ज नसेल तर खालच्या पंचमाच्या खाली जाऊच नका, तिथे अर्धं बोलून घ्या. मूळ कामातही बोलण्याच्या अंगाने गाणारा नट शोभून दिसतो.

वेळ: बोलण्यासकट हा प्रवेश 14 ते 16 मिनिटांत बसवा. विसाच्या वर गेला की उघड्यावर प्रेक्षक उठतात.

---

नकलाकार (नंदुरबार)

पट्टीचं सांगतो. क्लॅरिनेट बँडमधलं म्हणजे बहुधा बी-फ्लॅट. त्याला जो सूर लिहून द्याल त्यापेक्षा वाजताना एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो. म्हणजे पेटीवर सा पांढरी दोनला (डी) धरलात तर त्याला ई मधून वाजवावं लागतं, चार शार्प, आणि बोटांची कसरत. सा काळी दोनला (ई-फ्लॅट) धरा. त्याला एफ मिळतो, एक फ्लॅट, रोजच्या सवयीचा. पुरुष आणि बाया एकच चाल सप्तकाच्या अंतराने गातात, दोघांनाही काळी दोन झेपते, वरचा षड्ज कुणालाच फार उंच नाही. व्हायोलिनवाला आपल्या पद्धतीने सा-पा लावून घेतो, त्याला फरक पडत नाही. पायपेटीवर काळीची सवय नसेल तर पेटीवाल्याने दोन दिवस आधी सांगावं, आयत्या वेळी नको.

मूळ ऑर्केस्ट्रा मोठा: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून दोन-दोन, चार हॉर्न, दोन ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन, टिंपनी आणि तंतुवाद्यं. चौघांत सगळं आणायला जाऊ नका. पेटीने दोन्ही हातांनी पूर्ण हार्मनी वाजवली तर कोरसचे शब्द बुडतात. पेटीला डाव्या हातात खालचा एक सूर आणि उजव्यात फक्त चाल. क्लॅरिनेटला गाण्याच्या मधल्या जागा भरायला द्या, गाण्यावर नको. व्हायोलिन वान बेटच्या मागे.

स्वर जुळण्याचा घोटाळा खुल्या रंगमंचावर ठरलेलाच. आपल्याकडच्या उन्हात दुपारी ध्वनी तपासणी केली तर क्लॅरिनेट चढतं आणि पेटीचे पत्ते किंचित उतरतात, म्हणजे अंतर दोन्ही बाजूंनी वाढतं. संध्याकाळी उलट. म्हणून सूर जुळवणं प्रयोगाच्या अर्धा तास आधी, आणि क्लॅरिनेटने आधी पाच मिनिटं फुंकून वाद्य गरम केलेलं असावं. चढलं तर वरचा सांधा एक-दोन मिलिमीटर बाहेर काढायचा. पेटीला काहीच करता येत नाही, त्यामुळे जुळवायचं पेटीलाच.

आता पैसा आणि नकला, कारण लोर्टझिंगची खरी शोकांतिका तिथे आहे आणि निवेदनात ती नुसती 'गरिबीत गेला' म्हणून उरकू नका.

त्या काळी ऑपेरा थिएटरात पोचायचा हस्तलिखित नकलेतून. थिएटर संगीतकाराला एकदाच रक्कम द्यायचं, नक्कल घ्यायचं, आपल्या नकलनवीसाकडून प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद उतरवून घ्यायचं आणि मग ते नाटक शंभर वेळा लावलं तरी संगीतकाराला पुढचा छदाम नाही. प्रशियाचा 1837 चा कायदा होता, पण प्रयोगाचं संरक्षण कृती छापली जात नाही तोवरच. छापायचं तर हक्क जातो, नाही छापायचं तर नकलनवीस चोरून दुसऱ्या थिएटरला विकतो. शिवाय प्रत्येक जर्मन राज्याचा कायदा निराळा. त्यामुळे 'त्सार' जर्मनीभर गाजत असताना त्याचा लेखक आणि संगीतकार रोजच्या पगारावर बर्लिनमध्ये फार्सांची गाणी बसवत होता. संगीताच्या जाहीर सादरीकरणाचं मानधन गोळा करणारी संगीतकारांची संस्था जर्मनीत उभी राहिली 1903 मध्ये, रिखार्ड श्ट्राउस वगैरेंच्या पुढाकाराने. बावन्न वर्षं उशीर.

हक्काचं: 1851 ला गेलेल्या माणसाची मूळ संहिता आणि संगीत आपल्याकडे केव्हाच मोकळं झालंय, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं एवढीच मुदत असते. पण नव्या संपादकांनी तयार केलेली आवृत्ती, कोणी केलेला अलीकडचा अनुवाद आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क निराळे. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या छापील पियानो-आवृत्तीचं स्कॅन घ्या, त्यावरून स्वतः उतरवा. प्रयोगात तयार रेकॉर्डिंग लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. तिकीट लावणार असाल तर अहिराणी संहिता रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. प्रमाणपत्र हातात नसताना जाहिरात छापू नका.

---

गिरणाकाठ

तिघांचेही आभार. दोन उपप्रश्न. एक, आमचे एक ज्येष्ठ म्हणतात की संगीत देणारा आणि दिग्दर्शक हा लोर्टझिंगसारखाच पेटीवर बसून प्रयोग चालवेल. ते बरोबर का? दोन, याच नाटकातला 'खडावांचा नाच' (लाकडी खडावा घालून) घ्यायचा मोह होतोय.

---

पायपेटी

पेटीवर बसून चालवा, हरकत नाही, पण लोर्टझिंगचं नाव त्यावर लावू नका. लाइपझिगला 1830 च्या दशकात छडी रुळली होती. तिथल्या गेवांडहाउस या संगीतसभागृहाच्या ऑर्केस्ट्रापुढे 1835 पासून संगीतकार मेंडेल्सझोन होता, आणि त्याच ऑर्केस्ट्रातले वादक संध्याकाळी थिएटरात बसायचे. म्हणजे लोर्टझिंग जेव्हा 1844 ला तिथे कापेलमायस्टर झाला तेव्हा छडीची सवय असलेली, तालीम झालेली माणसं त्याच्या हाताखाली होती. आपल्याकडे ऑर्गनवाल्याने मान हलवून सम द्यायची रीत आहे ती वेगळी, आणि चौघा वादकांना तीच पुरते. फक्त पेटी अशी ठेवा की कोरसला पेटीवाल्याची मान दिसेल. बहुतेक वेळा पेटी विंगेच्या कडेला सरकवतात, कोरस प्रेक्षकांकडे तोंड करून उभा, आणि मग उठायची जागा चुकते. ठरवलेली नव्हे, खरीच.

कापेलमायस्टरचं काम म्हणजे छडी एवढंच नाही, हेही एक वाक्य घाला. गायकाचा आवाज बसला की त्याचं गाणं खालच्या पट्टीत उतरवून रातोरात वाद्यांचे कागद पुन्हा लिहवून घ्यायचे, नव्या नटीला भूमिका शिकवायची, लांबलेला प्रवेश कापायचा, फार्साला दोन गाणी तयार करून द्यायची. म्हणून लोर्टझिंगची गाणी नटाच्या तोंडात बसतात.

---

तिसरी घंटा

नाच घ्या, पण कोरस नाचवू नका. दोन मुली पुरेत. खुल्या रंगमंचाच्या सिमेंटवर खडावांचा आवाज बसकाच येतो, एक प्लायवूडची फळी (8 बाय 4 ची, 18 मिलिमीटर) दोन चौकटींवर थोडी उचलून ठेवा, मग टाच वाजते. फळीखाली माइक ठेवायचा मोह टाळा, थाप फुटते. फळीपासून दीड-दोन फुटांवर जमिनीलगत एकच माइक.

कोरससाठी 12 गळ्यात 12 माइक घालू नका. टांगलेले दोन कंडेन्सर माइक, पुढच्या ओळीच्या डोक्यावर साधारण चार फूट. मंचावरचे पंखे बंद. वान बेटला मात्र स्वतंत्र कॉलर माइक, त्याची कुजबुज ऐकू यायला हवी. ढोलताशा, डीजेच्या मिरवणुकीचा दिवस आधी विचारून घ्या, कानबाईच्या आसपासचा रविवार तर नकोच.

---

नकलाकार

एक राहिलं. प्रत्येक वादकाला स्वतंत्र कागद द्या, सगळ्यांना एकच झेरॉक्स नको. कागदावर तीन चुका लाल शाईने, कुठल्या मात्रेला कोण चुकणार ते लिहून. तबलजीच्या कागदावर त्या तिन्ही ठिकाणी फक्त एवढंच: 'थांबू नका.'